उजवा हात कुठे होता?

दर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या पेपरच्या जळगाव कचेरीतून फोन येतो. "तालुक्यातले वर्षभराचे अपघात पाठवा. वाढ की घट, ते वरच टाका. सोबत एक फोटो." बस. जेवलात का, थंडी कशी आहे, असलं काही नाही. मी आमच्या गावचा वार्ताहर. बसस्टँडसमोर माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, पोट त्याच्यावर चालतं. बातम्या हा हौसेचा भाग, आणि हौसेत जेवढा आळस बसतो तेवढा मी पुरेपूर बसवलेला होता.

ही वर्षअखेरची बातमी मला तोंडपाठ होती. पोलीस ठाण्यात जायचं, आकडा घ्यायचा, मागच्या वर्षीचं कात्रण काढून त्यात नवा आकडा टाकायचा. अपघात वाढले असतील तर कारणं ठरलेली: भरधाव वेग, दारू, मोबाईल, खड्डे आणि कापसाच्या हंगामात रस्त्याभर पसरून चालणाऱ्या ट्रॉल्या. घटले असतील तर "वाहनधारकांमध्ये जागृती". एका वर्षी वाढले, दुसऱ्या वर्षी घटले, तेव्हाही मी शीर्षकाखालचा मजकूर फारसा बदलला नव्हता. कोणाच्या लक्षात आलं नाही. एका माणसाच्या आलं होतं, पण त्याने ते बरीच वर्षं बोलून दाखवलं नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या ठाण्यातले लिखापढीचं काम बघणारे हवालदार. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. किडकिडीत अंग, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, शर्टाच्या खिशात निळी आणि लाल अशी दोन पेनं. साहेब बदलत, जीप बदलत, नाना त्यांच्या खिडकीपाशी तसेच. मला आकडा देताना ते नेहमी विचारायचे, "नुसता आकडा पाहिजे, की काही वाचायचं पण आहे?" मी म्हणायचो, "आकडा द्या नाना, दुकान उघडं टाकून आलोय." ते आकडा द्यायचे. आज आठवलं की स्वतःचा राग येतो.

आमचं गाव एरंडोलकडून धुळ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात कुठेतरी आहे, एवढंच सांगतो. नाव का सांगत नाही ते पुढे कळेल. हायवे गावाबाहेरून जातो. हायवे सोडला की गावात यायला एक जुना रस्ता आहे, दोन्ही बाजूंना शेतं. निम्म्या वाटेवर एक निंबाचं झाड आहे आणि झाडापाशीच रस्ता एकदम उजवीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नाला आणि त्यावर बुटक्या कठड्याची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. गावात त्या जागेला नुसतं "मोड" म्हणतात. मोडवर पडला म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आखाजीच्या आदल्या दिवशी या मोडवर एक मुलगी गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लग्न झालेल्या मुलीसाठी दिवाळीपेक्षा हा सण मोठा. ती सासरहून स्वतःच्या स्कूटीवर निघाली होती. समोरून रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला, वळणावर तो तिच्या बाजूला आला आणि सगळं तिथेच संपलं. मी चार ओळींची बातमी दिली होती. तिच्या आईला गाव अक्का म्हणतं. अक्काचे मालक आधीच वारलेले, एक मुलगा शेती बघतो आणि ही एकुलती एक लेक. त्या आखाजीला अक्काच्या दारात बांधलेला झोका दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी सोडला, कारण घरातलं कोणी त्याला हात लावीना.

पुढच्या नवरात्रात अक्काने त्या निंबाखाली देवी बसवली. मोठं काही नाही. शेतातला एक उभट दगड, त्याला शेंदूर, समोर चार विटा आणि एक दिवा. ती म्हणायची, मनी पोर गयी ती गयी, आते दुसरीनी कोनी नको जावाले. म्हणजे माझी गेली ती गेली, आता दुसऱ्या कोणाची जायला नको. रोज दीड-दोन मैल चालत जाऊन ती दिवा लावायची. कोणाला बोलवायची नाही, कोणाकडून काही मागायची नाही.

त्यानंतरच्या वर्षी मोडवर एकही मोठा अपघात झाला नाही. आणि डिसेंबरात पहिल्यांदाच मला बातमीला काहीतरी नवं मिळालं. निंबाचा फोटो, शेंदूर लावलेल्या दगडाचा फोटो, आणि खाली मी मन लावून लिहिलं की एका आईने बसवलेल्या देवीची नजर आता या मोडवर आहे. बातमी गाजली. लोकांनी कात्रणं करून दुकानांत चिकटवली. मीही माझ्या दुकानात एक लावलं, झेरॉक्स मशीनच्या वर, येणाऱ्याला सहज दिसेल असं. त्या वर्षी पाण्याच्या पाईपलाईनसाठी निम्मा रस्ता खणून ठेवलेला होता आणि मोडवरून बैलगाडीच्या वेगाने जावं लागायचं, हे मला आठवलं नाही असं नाही. पण खड्ड्याची बातमी कोण वाचतो?

त्यानंतर मोडवरच्या देवीला चांगले दिवस आले. हार येऊ लागले, नारळ फुटू लागले, घुंगरू लावलेला झेंडा आला. आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण हात जोडू लागला. चालत जाणारा दोन्ही हात जोडायचा. मोटरसायकलवाल्याची पद्धत आमच्याकडे ठरलेली आहे: गाडी चालू ठेवायची, मान देवाकडे वळवायची, उजवा हात छातीला लावायचा, मग ओठांना, मग कपाळाला. सगळं मिळून किती वेळ लागतो? तुम्ही हे वाक्य वाचलंत त्याहून कमी. मीही करायचो. मागे बसलेली बायको विसरली तर मी तिला कोपराने ढोसायचो.

आणि मोडवर माणसं पडू लागली. मरत नव्हती फारशी, पण पडत होती. गुडघे, मनगटं, गळ्याजवळचं हाड, दात. दर वर्षी आधीच्या वर्षापेक्षा जास्त. मी बातमीत दारू आणि मोबाईल यांचा क्रम आलटून पालटून वापरत राहिलो.

नाना काय करत होते ते मला एका दुपारी कळलं. मी सरकारी दवाखान्यात दुसऱ्याच एका बातमीसाठी गेलो होतो. ड्रेसिंगच्या खोलीत एक मधल्या वयाचा शेतकरी बाकावर बसलेला, पायाला फळी बांधलेली, आणि त्याच्यासमोर नाना उकिडवे बसून वहीत लिहीत होते. सरकारी रजिस्टर नाही, शाळकरी पोरांची दोनशे पानी वही, माझ्याच दुकानातून घेतलेली. ते विचारत होते, "पडना तव्हय उजवा हात कोठे व्हता?"

"हात बरा शे नाना," तो कळवळून म्हणाला, "पाय मोडना."

"पाय माले दिसी राहिना," नानांनी फळीकडे बोट दाखवलं. "हात कोठे व्हता ते सांग."

मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर मी ते दुकानात सांगितलं, आणि दुकानात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. महिनाभर पोरं एकमेकांना विचारत होती, काय भो, उजवा हात कुठे? नानांच्या कानावर ते गेलंच असणार. ते मला पुढेही तसंच भेटले, चहा पाजला, आकडा दिला.

पण एका डिसेंबरात त्यांनी आकडा दिला नाही. मी खिडकीपाशी गेलो, तर म्हणाले, "आज बसा. मी दोन महिन्यांनी रिटायर होतोय. मग हे सांगायला खुर्ची राहणार नाही." आणि त्यांनी ती दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली. तिच्याखाली आणखी दोन होत्या.

सरकारी रजिस्टरात जो पडून उठतो, कपडे झटकतो आणि घरी जातो, त्याला जागा नसते. नाना त्या लोकांच्या मागे होते. ड्युटी संपली की स्वतःच्या सायकलवर दवाखान्यात जायचे, मोडच्या शेजारच्या शेतवाल्यांना विचारायचे, पंक्चरवाल्याकडे वाकलेलं हँडल कोणाचं आलं ते बघायचे. आणि प्रत्येकाची एक ओळ. वार, वेळ, कुठून कुठे, गावचा की बाहेरचा, कशाला धडकला. सगळ्यात शेवटी लाल पेनाने आखलेला एक रकाना, त्यावर लिहिलेलं: उजवा हात.

"पहिल्यांदा मला काय खटकलं सांगू?" नाना म्हणाले. "बाहेरगावचा ट्रकवाला, ज्याने हा मोड आयुष्यात पाहिला नाही, तो नीट जातो. आणि ज्याला मोड झोपेत पाठ आहे तो गावचा माणूस भर दुपारी, एकटा, कशालाच न धडकता पडतो. दारू नाही, पाऊस नाही. हे कसं?"

मी म्हणालो, बाजाराच्या दिवशी घाई असते.

"बाजार शनिवारी. हे पडलेत मंगळवारी आणि शुक्रवारी."

मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. मी वहीची पानं उलटत गेलो. लाल रकान्यात आधी काही ठिकाणी "सांगत नाही" असं होतं. मग एकाने सांगितलं असावं, आणि मग नानांना कसं विचारायचं ते समजलं असावं, कारण पुढे पानंच्या पानं तीनच शब्द होते. छातीला. ओठाला. कपाळाला. छातीला. छातीला. कपाळाला.

"पुढचा ब्रेक उजव्या हातात," नाना म्हणाले, "ॲक्सिलेटर उजव्या हातात. रस्ता उजवीकडे वळतो, मान डावीकडे असते. आणि देवाला डावा हात आपण दाखवणार नाही." त्यांनी वही मिटली. "आपल्या लोकांची चूकसुद्धा श्रद्धेची आहे हो. काय बोलणार?"

मला त्या क्षणी माझ्या दुकानातलं ते कात्रण दिसू लागलं. हात जोडायला लोकांना शिकवलं कोणी? दगड अक्काने ठेवला, पण तो दगड तालुक्याला दाखवला मी. नाना तसं एका अक्षराने म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त चहा मागवला. मला त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझ्यातला शहाणा अजून मेला नव्हता. मी मनात म्हटलं, असेल नानांचं वेड. त्याच दिवशी हायवेवरचं एक काम उरकून मी मोडच्या रस्त्याने गावात शिरलो. निंबाचं झाड दिसलं. आज हात हलवायचा नाही, असं मी ठरवलेलंसुद्धा होतं. आणि झाडापाशी आलो तर माझा उजवा हात छातीवर. कोणी उचलला, कधी उचलला, मला कळलं नाही. चाक खडीवर घसरलं, कठडा हातभरावर आला, आणि कशी कोण जाणे गाडी सावरली. पुढे जाऊन मी गाडी लावली आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. घरी आल्यावर कात्रण काढून टाकलं.

आता प्रश्न दगड हलवण्याचा होता, आणि वेळ थोडा होता. गावातल्या मंडळाने ठरवलं होतं की चैत्रात त्या जागी सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचं छत आणि पुढे कमान करायची. एकदा कमान उभी राहिली की ती जागा कायमची. साहेबांकडून हुकूम आणून देवीचं ठाणं हलवता आलं असतं, नानांना रस्ता माहीत होता. पण ते म्हणाले, "पोलिसाने उचललेल्या देवीच्या जागी लोक आठवड्यात दुसरी आणून ठेवतात, आणि मग तिला दुप्पट हात जोडतात. जिने बसवली तिनेच म्हटलं पाहिजे."

आणि तिला सांगायचं काय? की अक्का, तू लेकीच्या नावाने दुसऱ्यांच्या लेकी वाचाव्यात म्हणून जे केलंस, त्याच्यापायीच माणसं पडतायत? नाना दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले होते. तीस वर्षं ज्याने प्रेतांचे पंचनामे केले, त्या माणसाला एका म्हातारीच्या ओट्यावर चढायचं धैर्य होत नव्हतं. मला म्हणाले, "तुम्ही चला सोबत. बोलेन मीच, पण तुम्ही चला."

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही गेलो. अक्का ओट्यावर तुरी पाखडत होती. तिने आम्हाला गोधडी अंथरून बसवलं, तिळाचे लाडू दिले. नानांनी लाडू हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मग ते बोलले. मी नानांना इतकं सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एकही शब्द त्यांनी गोड करून सांगितला नाही आणि एकही टोचेल असा टाकला नाही. वार सांगितले, हात सांगितला, मान सांगितली. अक्काचं सूप थांबलं होतं.

"किती जन पडनात?" तिने विचारलं.

नाना आकडा सांगणार होते. तिने मान हलवली. "आकडा नको. नावं वाच."

अक्काला वाचता येत नाही. नानांनी पिशवीतून वह्या काढल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, गल्ली, काय मोडलं. गाव लहान, प्रत्येक नाव तिच्या ओळखीचं. कोणाच्या लग्नात तिने पोळ्या लाटल्या होत्या, कोणाची बाळंतपणं केली होती. ती प्रत्येक नावाला नुसतं "हां" म्हणायची. एका नावाला म्हणाली, "ही ते मनी मामेसासूनी नात," आणि नानांना पुढे वाचायची खूण केली. तिन्ही वह्या संपायला किती वेळ लागला माहीत नाही. ऊन ओट्यावरून सरकून भिंतीवर गेलं होतं.

मग अक्काने ते विचारलं, जे ऐकायला आम्ही दोघंही तयार नव्हतो.

"मनी पोरना हात कोठे व्हता?"

त्या वर्षी नानांची वही नव्हती, रकाना नव्हता. तेव्हा मोडवर देवीही नव्हती. नाना काहीतरी बरं वाटेल असं बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तसं बोलले असते तर मला चाललं असतं.

नानांनी चष्मा काढला. "ब्रेकवर, अक्का. दोन्ही हात ब्रेकवर व्हतात. रस्तावर टायरनी लांब रेघ व्हती, मी सोता टेप धरी मोजेल शे, पंचनामामा लिखेल शे. तिनी हात सोडा नही. शेवटलोंग सोडा नही."

अक्काने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. गावात तेव्हा काय काय बोललं गेलं होतं ते मला ठाऊक होतं: पोरींच्या हातात गाड्या द्यायच्याच कशाला, मोबाईलवर बोलत असेल, माहेरच्या घाईत भान नसेल. ते सगळं या आईने ऐकून पोटात ठेवलं होतं. आणि ते पुसणारी रेघ एका पंचनाम्यात पडून होती, जी मोजणाऱ्याला आठवत होती आणि बातमी देणाऱ्याने कधी विचारली नव्हती. मी मान खाली घालून तुरीच्या फोलपटांकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुऊन आली. म्हणाली, "देवी मीच बसाडी, मीच उचलसू. आते शुक्रवार कव्हय शे?"

शुक्रवार परवा होता. तोवर गावात बातमी पसरली आणि मंडळाची माणसं मोडवर आधीच हजर होती. मोठा आवाज झाला. एकजण पुढे होऊन म्हणाला, ठाणं हललं तर देवीचा कोप होईल, सगळ्या गावावर होईल. नाना गणवेशात होते, पण बाजूला झाडाला टेकून उभे राहिले. अक्काने त्या माणसाकडे पाहिलं.

"कोप व्हई ते मनावर व्हई," ती स्वतःकडे बोट करत म्हणाली. "तुमना पोरेसवर नको."

मग ती वाकली, दिवा विझवला, शेंदराचा दगड पदरात घेतला. जड होता, एकटीला पेलेना. मंडळातलाच एक आडदांड गडी पुढे आला, त्याचं मनगट मागच्याच वर्षी या मोडवर मोडलं होतं, आणि त्याने दगडाखाली हात घातला. त्यानंतर कोणी आवाज केला नाही. हायवेच्या बाजूला चार-पाच शेतं सोडून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची लांब भिंत आहे, पुढे मोकळं मैदान. रस्ता तिथे सरळ, बैलगाडीसुद्धा आरामात वळेल एवढी जागा. अक्काने देवी तिथे बसवली. गाव मागे चालत आलं. ओटा आणि छत पुढे त्या जागीच झालं, कमानसुद्धा झाली. मोडवर निंबाखाली फक्त विटांचे चार काळे ठसे राहिले, तेही पावसाळ्यात गेले.

लोकांची सवय मात्र विटांइतकी लवकर जात नाही. तिथेही ते चालत्या गाडीवरूनच हात जोडायचे. अक्का मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी भिंतीपाशी पोतं टाकून बसू लागली. कोणी गाडीवरून मान वळवली की तिचा आवाज यायचा, "उतर ना भो खाले! देवी काय पयी जाई राहिनी का?" देवी काही पळून जात नाही हे पटून मोठमोठे लोक गुपचूप गाडी स्टँडला लावायचे. एकदा आमचे नवे साहेब जीपमधून हात जोडत गेले, त्यांच्यावरही ती ओरडली. नाना तेव्हा रिटायर झाले होते आणि तिच्याशेजारी दुसऱ्या पोत्यावर बसून होते. त्यांनी जुन्या सवयीने उठून साहेबांना सलाम ठोकला आणि परत बसले, असं त्यांनीच मला हसत सांगितलं.

त्या डिसेंबरात मी बातमीला बसलो तेव्हा नव्या हवालदाराकडून आकडा घेतला आणि मग नानांच्या घरी जाऊन त्यांची चौथी वही मागितली. मोडचं पान उघडलं. वर तारीख लिहिलेली, लाल रकाना आखलेला, आणि खाली पान बहुतेक कोरं. मी आयुष्यात पुष्कळ छापलेला मजकूर पाहिला आहे, विकलाही आहे. त्या कोऱ्या पानाइतकं सुंदर काही माझ्या हाताखालून गेलेलं नाही. मी नानांच्या पाया पडलो. ते रागावले, म्हणाले, "हे काय, बातमी लिहा." मी कचेरीला कळवलं, या वेळी जागा जास्त लागेल, एक माय आणि एक हवालदार यांची हकिगत आहे. मग अक्काची परवानगी घ्यायला गेलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "लिख भाऊ. नानानं लिख. पन मोड कोनता, ते लिखू नको. मनी पोर तठे गयी हाई लिखू नको. लोके वाचतीन, नि परत तठे हात जोडतीन."

मी बातमी लिहिली नाही. गाव सांगितल्याशिवाय पेपर छापत नाही, आणि तालुक्याच्या पानावर मोड न सांगता मोडची गोष्ट सांगता येत नाही. नेहमीचा मजकूर पाठवला, वर "घट" टाकलं, कारण म्हणून जागृती लिहिलं. आज इतक्या दिवसांनी इथे लिहितोय ते असं, कोणाचंही नाव न घेता. गाव ओळखू आलं तर वाचणाऱ्याने मनातच ठेवावं.

यंदाच्या आखाजीला, आदल्या दिवशी दुपारी, मी हायवेच्या थांब्यावर उभा होतो. अक्का एसटीतून उतरली, भावाच्या घरून येत होती. मी म्हणालो, बसा मागे, सोडतो. जिनिंगच्या भिंतीपाशी तिने खांद्यावर थाप मारली. मी गाडी लावली, उतरलो, आम्ही दोघांनी हात जोडले. ती जरा जास्त वेळ उभी होती. मग परत निघालो.

पुढे निंबाचं झाड दिसू लागलं. त्याच्याखाली काही नाही, नुसती सावली. हाच दिवस होता, साधारण हीच वेळ. मागे बसलेल्या माणसाने हात जोडले तर गाडीला काही होत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण मागून दोन मोटरसायकली येत होत्या, समोरून एक स्कूटी. तिने हात जोडलेले त्यांनी पाहिले असते. माझी मान वळायला लागली तशी मागून ती म्हणाली, "सामने देख, भाऊ."

मी समोर पाहिलं. वळण घेतलं, कठडा गेला, नाला गेला, रस्ता सरळ झाला. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता, बोटं हाडात रुतलेली, आणि गाव येईपर्यंत तो तिथून हलला नाही.